पर्ड्यूच्या समस्त मराठी फॅन मंडळींना खुलं पत्र: जे गेले त्यांना शिव्या घालणं आता बास करा

मंडळींनो,

इंडियानातल्या वेस्ट लाफायेटला, पर्ड्यू युनिव्हर्सिटीत शिकून गेलेल्यांनो, अजून तिथेच पीएचडी ओढत बसलेल्यांनो, आणि नवऱ्याचं किंवा भावाचं कॉलेज म्हणून बास्केटबॉलच्या मॅच बघायला बसून आता आमच्यापेक्षा जास्त वेडे झालेल्यांनो, सगळ्यांना नमस्कार.

एप्रिलपासून ग्रुपवर तुमचं जे काय चाललंय ते मी वाचतेय, ऐकतेय आणि गप बसतेय. म्हटलं खेळाडूंचं कॉलेज बदलायचं पोर्टल बंद झालं की शांत होतील, मग म्हटलं एनबीए ड्राफ्टमधून कोण मागे येतंय ते कळलं की शांत होतील, आता 2025 चा जुलै उजाडला, पुण्यातून पालख्या येऊन गेल्या तरी तुमचं तेच. आपला कोच पेंटर, त्यानं अजून दोन मोठी नावं उचलायला हवी होती. नवा आणलेला क्लफ म्हणजे लहान कॉन्फरन्सचा, छोट्या कॉलेजांच्या गटातला माल, आपल्या बिग टेन कॉन्फरन्समध्ये चिरडतील त्याला. हायडी टीम सोडून गेला म्हणून गद्दार. आणि परवा कोणीतरी लिहिलं की कोल्विनचा बाप आपला, आपल्याकडून अमेरिकन फुटबॉल खेळून एनएफएलला गेलेला, आणि पोरगा बघा वेक फॉरेस्टला पळाला, घराण्याला बट्टा लावला. घराण्याला बट्टा! अरे विशीतलं पोर आहे ते, कॉलेज बदललंय त्यानं, जमीन नाही विकली वाडवडिलांची. हे वाचलं आणि लिहायला बसले.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी आधी थोडं. ट्रान्सफर पोर्टल म्हणजे एक यादी, बाकी काही नाही. 2018 च्या ऑक्टोबरात सुरू झाली. खेळाडूनं सांगायचं मला दुसरीकडे जायचंय, कॉलेजनं त्याचं नाव यादीत टाकायचं, मग बाकीचे कोच त्याला फोन करायला मोकळे. पण तेव्हा जाणाऱ्याला नव्या ठिकाणी सहसा एक वर्ष नुसतं बसायला लागायचं, त्यामुळे माणूस दहादा विचार करायचा. 2021 च्या एप्रिलमध्ये एकदा फुकट बदलायची मुभा आली, त्याच वर्षी 1 जुलैपासून पोरांना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमवायची परवानगी आली, ज्याला सगळे एनआयएल म्हणतात. मग 2023 च्या डिसेंबरात वेस्ट व्हर्जिनियाच्या कोर्टानं एनसीएएचे, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेचे, कान उपटले आणि 2024 च्या एप्रिलपासून मार्क बरे असतील तर कितीही वेळा बदला, बसायची गरज नाही. यंदाची खिडकी 24 मार्च ते 22 एप्रिल होती, म्हणजे इकडे एनसीएएची मोठी टूर्नामेंट चालूच आणि तिकडे पोरं दुकानाबाहेर रांगेत. पुरुषांच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये साडेतीनशेच्या वर टीम आहेत आणि यादीत दोन हजारांहून जास्त नावं आली, म्हणजे सरासरी प्रत्येक टीममागे पाच-सहा पोरं. आपली तीन गेली. हायडी टेक्सासला, कोल्विन वेक फॉरेस्टला आणि आपला स्वीडिश विल बर्ग विचिटा स्टेटला. तीन! यावर तुम्ही चार महिने सुतक पाळताय.

आपल्याकडे क्रिकेटमध्ये निदान एनओसी लागते. जयस्वालनं एप्रिलमध्ये मुंबई सोडून गोव्याला जायचं म्हणून अर्ज टाकला, मे महिन्यात परत घ्या म्हणाला. पृथ्वी शॉ आत्ता याच महिन्यात महाराष्ट्राकडे आला, आणि आपल्याच ग्रुपमधले जे लोक हायडीला गद्दार म्हणतायत तेच शॉ आला म्हणून खूश आहेत, मी स्क्रीनशॉट काढून ठेवलेत. असो.

आता बाहेरून खेळाडू आणा म्हणणाऱ्या पोर्टल पार्टीचं म्हणणं काय ते मी तुमच्यापेक्षा नीट मांडते, कारण तुम्ही ते धड मांडत पण नाही. गेल्या तीन वर्षांत आपल्याला घरी कोणी पाठवलं ते बघा. 2023 च्या टूर्नामेंटमध्ये आपण पहिलं सीड, म्हणजे पहिलं मानांकन, समोर सोळावं सीड फेअरली डिकिन्सन, 63-58 हरलो. त्यांचा कोच टोबिन अँडरसन वर्षभरापूर्वी दुसऱ्या डिव्हिजनच्या कॉलेजातून आला होता आणि येताना तिथलीच पोरं घेऊन आला होता, त्यातल्याच शॉन मूरनं आपल्याला 19 पॉइंट मारले. म्हणजे ट्रान्सफर. 2024 ची फायनल, ग्लेनडेल, अ‍ॅरिझोना, यूकॉननं 75-60 नं धुतलं, त्यांचा ट्रिस्टन न्यूटन 20 मारून गेला आणि फायनल फोरचा, म्हणजे शेवटच्या चार टीममधला, सर्वोत्तम खेळाडू ठरला, तो आला होता ईस्ट कॅरोलिनाहून. ट्रान्सफर. आणि यंदा ह्युस्टन, मिलोस उझान, ओक्लाहोमाहून आलेला. परत ट्रान्सफर. वर फ्लोरिडा यंदा चॅम्पियन झालं त्यांचे क्लेटन, मार्टिन, रिचर्ड तिन्ही गार्ड बाहेरून आणलेले, आयोना, फ्लोरिडा अटलांटिक, बेलमाँट. मग आपणच काय सोवळं पाळून बसलोय, असा तुमचा सवाल. सवाल चुकीचा नाहीये. मी पण त्या रात्री, म्हणजे आपल्याकडच्या शनिवारी सकाळी, हाच सवाल भिंतीला विचारत होते.

ती ह्युस्टनची मॅच एकदा परत आठवा, नको वाटलं तरी. 28 मार्चची रात्र (आपल्याकडे 29 ची सकाळ), इंडियानापोलिसचं लुकास ऑइल स्टेडियम, कॅम्पसपासून गाडीनं तासाभरावर, म्हणजे जवळपास घरचंच मैदान. आपण मागे होतो, आणि शेवटचं मिनिट चालू असताना एक थ्री, म्हणजे लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट, पडला आणि 60-60 झालं. मग ह्युस्टनचा शॉट हुकला, बॉल त्यांच्याकडेच राहिला, घड्याळात दोन सेकंदांच्या जरा वर आणि बॉल आपल्या बास्केटखालून बाहेरून आत टाकायचा. सगळ्यांना वाटलं आता शूटरला देणार. उझाननं बॉल आत त्यांच्याच टगलरला दिला, स्वतः आत शिरला, टगलरनं एक टप्पा टाकून त्यालाच परत दिला, आणि सरळ लेअप, बास्केटजवळून सोपा शॉट, कोणी हात पण लावला नाही. 62-60, उरले 0.9 सेकंद. दुसऱ्या दिवशी पाडवा होता, घरात सगळे गुढीच्या गडबडीत आणि मी तोंड पाडून आंब्याची पानं धूत होते.

तर आता सांगा, तो 60-60 करणारा थ्री कोणी मारला होता? कॅमडेन हायडीनं. तुमच्या गद्दारानं. आपल्या जर्सीतलं त्याचं शेवटचं मोठं काम ते, आणि त्यानं ते केलं. त्या क्षणी तुमच्यातला एक जण त्याच्या नावानं मुलाचं बारसं करायला निघाला होता, नाव घेत नाही.

मला जे सांगायचंय ते आता. बास्केटबॉलची मॅच 40 मिनिटांची, कोर्टवर पाच जण, म्हणजे कोचच्या हातात वाटायला एकूण 200 मिनिटं. यात एक सेकंद वाढत नाही. ब्रेडन स्मिथ जवळपास पूर्ण मॅच खेळतो, तो बसला की आपला जीव वर-खाली होतो. फ्लेचर लॉयर आणि ट्रे कॉफमन-रेन त्याच्या थोडेच मागे. या तिघांनीच 200 मधली अर्धी मिनिटं खाल्ली. उरलेल्यात कॉक्स आला, गिकारी हॅरिस आला, दोघेही फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचे, असताना पेंटरचा विश्वास बसला त्यांच्यावर. आता तिघं मोठे म्हणाले आम्ही शेवटचं वर्ष पण इथेच खेळणार. स्मिथ बिग टेनचा प्लेयर ऑफ द इयर, देशातल्या सगळ्यात चांगल्या पॉइंट गार्डला (बॉल हाताळून खेळ चालवणाऱ्याला) मिळणारं कूझी अवॉर्ड घेतलेला, त्याला कुठूनही चेक आला असता. कॉफमन-रेन एनबीए ड्राफ्टची चाचपणी करून परत आला. तुम्ही फटाके फोडले, बरोबर आहे, मी पण पेढे वाटले ऑफिसात, कोणाला कळलं नाही कशाबद्दल. पण ज्या दिवशी तुम्ही स्मिथ थांबला म्हणून नाचलात त्याच दिवशी हायडीचं काय ठरलं असेल याचा विचार केला का? तो आपल्याकडे आला 2022 मध्ये, पहिलं वर्ष रेडशर्ट म्हणून नुसता बसला, म्हणजे प्रॅक्टिस करायची, जिममध्ये घाम गाळायचा, पण मॅच नाही. मग दोन वर्षं खेळला, मिनिटं मिळाली, पण ज्याच्यासाठी प्ले आखले जातात तो माणूस कधी झाला नाही, आणि यंदाही होणार नव्हता, कारण ते तिघं थांबले. कोल्विनचंही तेच.

म्हणजे जे थांबले त्यांच्यामुळेच जे गेले ते गेले. तुम्हाला स्मिथ, लॉयर, कॉफमन-रेन चार-चार पाच-पाच वर्षं हवेत आणि त्यांच्या मागे बसलेले पण चार-चार वर्षं हसतमुखानं टाळ्या वाजवत बसायला हवेत, हे कुठल्या हिशोबात बसतं? पूर्वी बसायचे कारण जाण्याला शिक्षा होती. आपला उंच सेंटर झॅक ईडी स्वतः आधी ट्रेव्हियन विल्यम्सच्या मागे होता, मग त्याच्याबरोबर जागा वाटून घेतली, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी असा काही फुलला की लागोपाठ दोन वर्षं देशातला सर्वोत्तम खेळाडू, 2023 आणि 2024. तो थांबला हे आपलं नशीब. पण एक ईडी थांबला म्हणून सगळ्यांवर थांबायची सक्ती आहे असं समजू नका.

आणि ईडीचं निघालंच आहे तर हे ऐका, विशेषतः जे सध्या तिकडे एफ-वनवर आहेत त्यांनी. सात फूट चार इंचाचा हा पोरगा कॅनडाचा, म्हणजे तुमच्यासारखाच स्टुडंट व्हिसावर. एफ-वनवर कॅम्पसबाहेर काम करता येत नाही हे तुम्हाला पाठ आहे, डायनिंग कोर्टमध्ये वीस तास भांडी विसळून आपण ते शिकलोय. तर देशातला सर्वोत्तम खेळाडू असून अमेरिकेत बसून त्याला बाकीच्यांसारखे एनआयएलचे पैसे घेता येत नव्हते, दुसऱ्या टीमचे बेंचवरचे खेळाडू जाहिराती करत होते आणि हा व्हिसाचे नियम वाचत होता. आता क्लफ ऑस्ट्रेलियाचा आणि नवा गार्ड ओमर मेयर इस्रायलचा, म्हणजे तीच भानगड परत. म्हणून कोणी पैशासाठी पळालं असं म्हणताना जरा दमानं घ्या. आपल्याकडे मोठ्यात मोठा माणूस धड पैसे न घेता राहून गेलाय आणि त्याचं कारण त्याग नव्हतं, इमिग्रेशन होतं.

बरं, पैशाचं पण बोलूच. 6 जूनला खेळाडूंच्या पैशांबद्दलच्या त्या हाउस खटल्याच्या सेटलमेंटला जज क्लॉडिया विल्कन यांनी मंजुरी दिली आणि 1 जुलैपासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळे खेळ मिळून साधारण 20.5 मिलियन डॉलरची मर्यादा. सगळे खेळ मिळून, हे लक्षात घ्या, यातला मोठा घास फुटबॉल खाणार. आपलं फुटबॉल मागच्या सीझनला 1-11 होतं, त्याबद्दल मी बोलणार नाही, नवा कोच ओडम डझनावारी ट्रान्सफर घेऊन आलाय आणि कोणी हूं की चूं केलं नाही, कारण फुटबॉलमध्ये आपल्याला निष्ठा वगैरे काही नको असते, फक्त हरू नका एवढंच मागणं. आयपीएलमध्ये जशी पर्स ठरलेली असते तसं हे आता होत चाललंय, फरक इतकाच की तिकडे लिलाव टीव्हीवर दिसतो आणि इकडे सगळं एजंट, काका, मामा आणि डोनर यांच्यात फोनवर. या पर्समध्ये पेंटरनं तीन सीनियर सांभाळले आणि वर भोक बुजवायला क्लफ आणला. याला मी तरी शहाणपण म्हणते.

भोक कुठलं ते विसरलात का? ईडी गेल्यावर मधे कोणी उंच उरलंच नाही. डॅनियल जेकबसन, तोही सात फूट चार, त्याच्यावर भिस्त होती आणि बिचाऱ्याचा सीझनच्या दुसऱ्याच मॅचमध्ये सुरुवातीलाच पाय मोडला. मग सहा फूट नऊ इंचाचा कॉफमन-रेन वर्षभर सेंटरमध्ये लढला, मॅचमागे 20 पॉइंट करत लढला, पण समोरचे आत शिरून लेअप मारत होते आणि रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा बॉल, आपल्या डोक्यावरून काढून नेत होते. सगळ्यांना दिसत होतं. तर ऑस्कर क्लफ सहा फूट अकरा, अंगानं भक्कम, साउथ डकोटा स्टेटकडून मॅचमागे 17 च्या वर पॉइंट आणि 12 च्या वर रिबाउंड. म्हणे लहान कॉन्फरन्स. अरे रिबाउंड घेणं ही अशी गोष्ट आहे की ज्याला ती खोड आहे त्याची कॉन्फरन्स बदलली म्हणून जात नाही. तो आला की कॉफमन-रेन आपल्या मूळ जागी सरकणार, चार नंबरला, म्हणजे पॉवर फॉरवर्डला, आणि तिथे त्याला आवरायला समोर कोण आहे सांगा. जेकबसन पण बरा झालाय, याच महिन्यात स्वित्झर्लंडमध्ये अमेरिकेच्या 19 वर्षांखालच्या टीमबरोबर वर्ल्ड कपचं सोनं घेऊन आलाय. नॉर्थ फ्लोरिडाचा लियाम मर्फी थ्री मारायला आणलाय, सहा फूट आठ, त्याच्याकडून मी फार आशा ठेवत नाही पण दोन-तीन मॅच तो फिरवून देईल.

आता गंमत बघा. क्लफनं अ‍ॅरिझोनातल्या एका कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढली, मग वॉशिंग्टन स्टेट, मग साउथ डकोटा स्टेट, मग आपण. तुमच्या नियमानं हा माणूस गद्दारांचा सरदार व्हायला हवा. पण त्याच्या स्वागताला तुम्हीच हार घेऊन उभे. लान्स जोन्स 2023 मध्ये सदर्न इलिनॉयहून आला, एकच वर्ष खेळला, फायनलपर्यंत घेऊन गेला, अजून त्याचं नाव निघालं की तुमचे डोळे भरून येतात. सदर्न इलिनॉयच्या गावातल्या लोकांनी त्याला काय म्हटलं असेल तेव्हा? आपला मेसन गिलिस 2024 मध्ये डिग्री घेऊन ड्यूकला गेला आणि तिथेही फायनल फोर खेळला, त्याचं तुम्ही कौतुक केलंत. म्हणजे नियम असा दिसतोय की आपल्याकडे आला तर हिरा, आपलं सगळं देऊन झाल्यावर गेला तर बरं, आणि अजून आपल्याला हवा असताना गेला तर हरामखोर. हा फॅनचा नियम झाला, ठीक आहे, फॅन असेच असतात, फक्त त्याला नीतीचा मुलामा देऊ नका.

आणि कोच लोकांचं काय? अँडरसननं आपल्याला हरवलं आणि लगेच आयोनाला गेला. डॅरियन डीव्हराइस ड्रेक सोडून वेस्ट व्हर्जिनियाला गेला, एक वर्ष थांबला, यंदा इंडियानाला. त्याच्या जागी ड्रेकला आलेला मॅककॉलम तोही एक वर्षात आयोवाला. मग ड्रेकनं साउथ डकोटा स्टेटचा हेंडरसन उचलला, आणि त्याच सुमारास तिथला क्लफ पोर्टलमध्ये दिसायला लागला. म्हणजे आपल्याला क्लफ मिळाला तो कोचांच्या या पळापळीत. या लोकांना कोणी बट्टा लावला म्हणतं का? त्यांचं म्हणे करिअर. पोरांचं मात्र चारित्र्य.

आपलं स्वतःचं पण बघा की जरा. आपल्यातले किती जण पीएचडीला आले आणि मास्टर्स घेऊन बाहेर पडले, किती जणांनी गाइड बदलला, किती जणांनी ज्या कंपनीनं व्हिसा दिला तिला एच-वन-बी ट्रान्सफर होताक्षणी टाटा केला. तेव्हा घरी फोन करून आपण सांगितलं चांगली ऑफर होती गं आई, आणि आई म्हणाली देव पावला. हायडीची आई पण तेच म्हणाली असेल, इंग्रजीत.

आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांवर, इंडियाना युनिव्हर्सिटीवाल्यांवर, आपण हसतोय ते पण जरा जपून. त्यांचा कोच वुडसन गेला, डीव्हराइस आला आणि सगळी टीम नवी, मागच्या वर्षीचं एक पोरगं शिल्लक नाही, स्वतःच्या मुलासकट सगळं सामान बाहेरून आणलं. ब्लूमिंग्टनचे लोक आता प्रोग्रॅमचं पुस्तक हातात घेऊन नावं पाठ करतील. हसू येतं, मला पण येतं, त्यांच्यावर हसणं हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे. पण केंटकीनं 2024 मध्ये हेच केलं होतं, त्यांचा कोच कॅलिपारी आर्कान्सॉला गेला, नवा कोच मार्क पोपच्या हाती स्कॉलरशिपवरचं एकही पोरगं उरलं नव्हतं, आणि तरी ते यंदा शेवटच्या सोळात होते. आपण पण शेवटच्या सोळातच होतो. तेव्हा त्यांची पद्धत वाईट आणि आपली थोर असं मी म्हणणार नाही. मला आपली आवडते एवढंच, कारण मला पोरं ओळखीची लागतात. स्मिथ फ्रेशमन असताना कसा चिडायचा, लॉयर मॅच हातची जाताना कसा डोळे मोठे करून शॉट घ्यायचा, कॉफमन-रेनचा तो उजव्या खांद्यावरून टाकलेला फ्लोटर, हे वर्षानुवर्षं बघून आपलं झालंय. त्यासाठी दरवर्षी दोन-तीन जण जाणार हे धरून चालायचं, आणि त्यांना नीट निरोप द्यायचा.

पेंटर पोर्टलच्या विरोधात आहे हे पण तुम्ही कुठून काढलंत देव जाणे. ऑक्टियस कोलोराडो स्टेटहून आणला 2014 मध्ये, स्पाइक अल्ब्रेक्ट मिशिगनहून, बूड्रो डार्टमथहून, मग जेन्किन्स, मग जोन्स. नेहमी एक किंवा दोन, आणि नेहमी जिथे दात पडलाय तिथेच. 2024 च्या फायनलला सुरुवातीच्या पाचात चार घरचे आणि एक बाहेरचा होता. ईडीनं त्या रात्री 37 मारले, बाकी टीमनं मिळून 23, आणि आपण सात थ्री घेऊन एकच टाकला. तिथे हरलो ते पोर्टलमुळे नाही, यूकॉन आपल्यापेक्षा सरळ सरळ भारी होतं म्हणून हरलो. 1980 नंतर पहिल्यांदा फायनल फोर बघितला आपण, माझ्या वर्गातल्या अमेरिकन पोरींच्या आया तेव्हा शाळेत होत्या.

आणि निष्ठेचंच म्हणाल तर आपलं घरचं मैदान मॅकी अरीनाच्या बाहेरून जो रस्ता जातो त्याचं नाव काय? जॉन वुडन ड्राइव्ह. आपला आजवरचा सगळ्यात थोर खेळाडू, 1932 ची आपली टीम त्याचीच, पुढे कोच म्हणून कुठे गेला? यूसीएलएला. आणि 1969 मध्ये आपण पहिल्यांदा फायनलला पोचलो, रिक माउंट होता आपल्याकडे, तर समोर कोण? वुडनचीच यूसीएलए. 92-72. त्याच्या हातून वीसनं मार खाल्ला आणि तरी त्याच्या नावाची पाटी लावली आपण, तुम्ही त्याच पाटीखाली उभं राहून सेल्फी काढता.

भांडायचंच असेल तर खऱ्या गोष्टीवर भांडा. 2026 च्या मार्चनंतर काय? स्मिथ, लॉयर, कॉफमन-रेन, क्लफ, चौघांचं एकाच वेळी संपतंय. हायडी आणि कोल्विन दोघांची अजून दोन-दोन वर्षं शिल्लक होती, म्हणजे ते थांबले असते तर 2026-27 मध्ये तेच घरचे मोठे असते, नव्या पोरांना सांभाळून घेणारे. त्यांचं जाणं यंदा आपल्याला टोचणारच नाही, ते तेव्हा टोचणार. तेव्हा पेंटरला कदाचित तुमच्या मनासारखे तीन-चार बाहेरून आणायला लागतील, आणि तेव्हा तुम्हीच म्हणाल घरचं कोणी राहिलं नाही. कॉक्स आणि हॅरिस यांना तोपर्यंत धरून ठेवणं, बेंटरला एक वर्ष बसवून ठेवलाय त्याला आता खेळवणं, जेकबसनला मिनिटं देणं, हे खरं काम आहे. क्लफला 30 मिनिटं दिली तर जेकबसनला किती उरतात? आणि त्याला उरली नाहीत तर पुढच्या एप्रिलमध्ये तो काय करेल? यावर बोला ना कोणीतरी. यावर सगळे मूग गिळून.

तसंच मेयरचं. मकाबी तेल अवीवमध्ये मोठ्या माणसांबरोबर खेळून आलेला गार्ड आहे, तो बेंचवर बसायला समुद्र ओलांडून येत नाहीये. स्मिथबरोबर एकाच वेळी दोघं बॉल हाताळणारे खेळवायचे का, की स्मिथला आयुष्यात पहिल्यांदा चार मिनिटं पाणी प्यायला द्यायची? माझं मत, सुरुवात स्मिथ, लॉयर, कॉक्स, कॉफमन-रेन, क्लफ. मेयर सहावा, पण शेवटच्या पाच मिनिटांत कॉक्सच्या जागी. कॉक्स डिफेन्सला चांगला आहे म्हणून सुरुवातीला, आणि मॅच अडकली की मेयर, कारण ह्युस्टनविरुद्ध आपल्याकडे स्मिथशिवाय स्वतःहून काही घडवणारा दुसरा माणूसच नव्हता. हॅरिसवाले चिडतील, चिडू देत, हॅरिसच का ते मला आकडे देऊन पटवा. नुसतं तो खूप मेहनती आहे वगैरे नको, मेहनती सगळेच आहेत.

आणि टेक्सासची मॅच लागली की बघा. हायडीनं थ्री टाकला तर एक थम्स अप टाका ग्रुपवर, काही बिघडत नाही.

बॉयलर अप.

तुमचीच,
पेंट क्रूमध्ये, मॅचला ओरडणाऱ्या विद्यार्थी फॅन गटात, घसा बसवून आलेली एक पर्ड्यूवाली, सध्या मुक्काम पुणे